शुक्रवारचे प्रतापराव

कुवेतमधली निदान नऊ मराठी घरं प्रतापरावांना जवळून ओळखतात, आणि चारचौघांत त्यांतलं एकही ते कबूल करणार नाही. त्या नऊ घरांत एक आमचं.

माणूस मूळचा नाशिकचा, रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, राहायला हवल्लीत. बारा वर्षांपूर्वी त्यांना वाटायला लागलं की प्लांटचे अलार्म आपल्याशी बोलतात. दोन महिने हॉस्पिटल, मग वर्षभर घरी. बायको सुचित्रा नर्स, म्हणून संसार तरला. बरे झाल्यावर त्यांच्या डॉक्टरांनीच सुचवलं की, यातून गेलेला माणूसच दुसऱ्याच्या शेजारी नीट बसू शकतो. त्याचं रीतसर शिक्षणही प्रतापरावांनी ऑनलाइन घेतलं. तेव्हापासून त्यांचा सुट्टीचा शुक्रवार असा लोकांच्या घरी जातो.

सलवा भागातल्या आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझा नवरा, विश्वास, तीन आठवडे खोलीतून बाहेर पडला नव्हता. एवढा सीनिअर इंजिनिअर, भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याच्या ऑफिसात मी मणक्याचं दुखणं सांगून मोकळी झाले होते. प्रतापरावांनी ना उपदेश केला, ना देवाधर्माचं काढलं. खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. "ही माझी, रोजची. तुमची कुठाय?"

विश्वासने मान वळवली. सहाव्या शुक्रवारी दोघं खाली बकाल्यात, किराणा दुकानात, जाऊन खुबूसच्या रोट्या घेऊन आले, आणि मी स्वयंपाकघरात ओढणी तोंडाशी धरून रडले. तिसऱ्या महिन्यात विश्वास कामावर गेला.

मंडळाच्या गणपतीत मात्र आम्ही नऊही घरं प्रतापरावांकडे पाठ करून मोदक खात होतो. कुणी अवघडू नये म्हणून तेच आधी नजर वळवायचे. ही सवय त्यांनी आमच्या सोयीसाठी लावली आणि आम्ही निर्लज्जासारखी अंगवळणी पाडून घेतली.

या वर्षी त्यांच्या मुलीला, जुईलीला, पुण्याचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडलेला. प्रतापरावांनी मला विचारलं, "वहिनी, ते लोक चौकशी करतील. तुमचा नंबर दिला तर चालेल ना?"

"हा काय प्रश्न झाला?" मी म्हटलं. तेव्हा अगदी मनापासून म्हटलं होतं.

मुलाच्या आईचा फोन आला. आवाज गोड, बोलणं अघळपघळ. मी मुलीचं कौतुक केलं, सुचित्राच्या हाताची चव सांगितली. मग त्या म्हणाल्या, "तुमची कशी काय ओळख हो? आमचे दीर विश्वासरावांच्याच कंपनीत आहेत. त्यांना सांगते, तुमच्याशी बोलणं झालं म्हणून."

म्हणजे मी बोलेन ते थेट विश्वासच्या ऑफिसात पोचणार. कशी ओळख, काय सांगू? मणक्यामुळे?

"तशी फारशी ओळख नाही हो," मी म्हटलं. "मंडळात बघते, तेवढंच."

चौकशीच्या फोनवर या वाक्याचा अर्थ काय होतो, हे प्रत्येक मराठी बाईला ठाऊक असतं. मलाही होतं.

 त्या हळूच म्हणाल्या, "अहो, आजाराचं त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं आम्हाला. गोळ्यासुद्धा दाखवल्या. मुलाला तर त्याचं कौतुकच वाटलं. आता ठीक आहेत, लोकांना आधार देतात, एवढंच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. दोन नंबर दिले त्यांनी. पहिल्या बाईही म्हणाल्या, ओळख नाही. म्हणजे हे आधार देणं वगैरे सगळं रचलेलंच म्हणायचं का?"

अजूनही बोलता आलं असतं. 'माझा नवरा त्यांच्यामुळे उभा आहे', एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "गॅसवर दूध आहे," आणि फोन ठेवला. अख्ख्या जन्मात एकच माणूस आमच्याशी खरं बोलला, आणि त्याला मी खोटं पाडलं.

स्थळ मोडलं. एरवी इंग्रजीतच उत्तर देणाऱ्या जुईलीने मला फोन करून स्वच्छ मराठीत सांगितलं, "काकू, यापुढे बाबांना बोलवू नका."

मागच्या आठवड्यात विश्वासची झोप पुन्हा उडाली. मी दोन दिवस दम धरला आणि तिसऱ्या दिवशी प्रतापरावांनाच फोन केला. शुक्रवारी ते आले. विश्वासजवळ दोन तास बसले, माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. निघताना बूट घालायला ते दाराबाहेर वाकले. माझं चुकलं म्हणायचंच, असं ठरवून मी उंबऱ्याशी उभी होते. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि आमच्याच मजल्यावर राहणारा, विश्वासच्या ऑफिसातला प्रसाद बाहेर आला.

मी दार लावून घेतलं.