आठ घरांचं नाव

माझ्या साडूइतका नावाला जपणारा माणूस वाशीमच्या पंचक्रोशीत झाला नाही. स्वतःचं नाव राखणारे पुष्कळ असतात, हा गावांची नावं राखायचा. सत्तरच्या दशकात तो तहसील कचेरीत पावसाची नोंद ठेवी. ती पुढे पुण्याच्या गणकयंत्राकडे जायची, आणि यंत्राचा नियम कडक होता: ओळीच्या सुरुवातीला गावाचं नाव, त्याला आठ घरं, एका घरात एक अक्षर. नाव लांबलं तर कापायचं, आखूड असलं तर उरलेली घरं रिकामी सोडायची.

हा नियम साडूच्या अंगात इतका भिनला, की स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही त्यानं आठ घरांच्या चिठ्ठ्या डकवल्या. 'हरभऱ्याची डाळ' बरोब्बर मावली. 'हरभऱ्याची डाळ भाजकी' कापल्यावर तीही हरभऱ्याची डाळच उरली, आणि मेहुणीनं होळीला भाजक्या डाळीचं पुरण घातलं. आम्ही ते मुकाट्यानं खाल्लं. पण त्याचं खरं दुःख वेगळं होतं. एकदा बदलीवर आलेल्या कारकुनानं 'शिरपूर जैन'च्या जागी नुसतं 'शिरपूर' लिहिलं. यंत्रानं दोन गावं धरली. साडू जेवेना. म्हणाला, "भाऊ, चांगलं जितं गाव आषाढात मेलं. नाव बदललं का मागचा पाऊस अनाथ होते."

मग त्याच्या मुलीचं, सुमनचं, लग्न निघालं, अनसिंगच्या मुलाशी. नवरदेव अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहिणार, तोच साडूनं त्याचा हात धरला. "थांबा जवाईबापू. सुमनची नोंद जन्मापासून चालू हाये. मधातच नाव बदलता येत नाही."

"काहून?" व्याही म्हणाले. "पोरगी हाये का पावसाचं भांडं?"

"भांडं बदललं तं चालते. नाव बदललं तं यंत्र तिले दुसरीच बाई धरन."

"कोणतं यंत्र?"

"पुण्याचं."

मांडव हसून लोळला. शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "राहू द्या सुमन. याच्या डोक्यापायी मुहूर्त नका घालवू." नवरदेवानं 'सुमन' लिहिलं. साडूनं पुढे बोटानं पाच रिकामी घरं आखून दिली.

पाठवणीनंतर रिकाम्या मांडवात तो सतरंजीवर बसला होता. मी विचारलं, "बुवा, यंत्र खरंच असं करते?"

"यंत्राले काय घेणं आपल्या पोरीशी? आदल्या दिवशी सुमन माह्यापाशी रडली, मले माहंच नाव पाहिजे म्हणून. मी तिलेबी म्हटलं, रीत हाये, माह्या हातात काही नाही. बाप म्हणून बोललो असतो तं लगन मोडलं असतं. येडा म्हणून बोललो तं आयकलं."

हे कुणाला सांगू नको म्हणाला. मी सांगितलं नाही. उलट पुढच्या प्रत्येक लग्नात त्याच्या वेडाची गोष्ट रंगवून सांगितली. तोही समोर बसून ऐकायचा, आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. आता तो नाही. सुमनची नातवंडं मला तीच गोष्ट सांगतात, येड्या पणज्याची म्हणून, आणि सुमन त्यांच्याबरोबर हसते. तिलाही वाटतं, बापाला त्या दिवशी फक्त यंत्रच आठवलं होतं.