चाकांचा पाट

धारच्या दारात टॅक्सी उभी होती, आणि सासूबाई बॅगेत पाट कोंबत होत्या. जेवायला बसायचा पाट! सासऱ्यांनी स्वतः घडवलेला, सागवानी. माझा नवरा संजू म्हणाला, "आई, न्यूझीलंडात टेबल-खुर्ची मिळते गं." त्या म्हणाल्या, "मिळू दे. भुईवर बसून जेवायचं नाही." इंदूरच्या विमानतळावर वजन जास्त भरलं, तेव्हा माझ्या साड्या निघाल्या आणि पाट गेला. मी इतकी चिडले की निरोपाचं रडूसुद्धा आलं नाही. आता त्याचंच वाईट वाटतं.

मी देवासची. शाळा हिंदी, घरात अर्धी मालवी, मराठी आरतीपुरती नि भांडणापुरती. लग्न होऊन धारला आले, तर सासूबाईंची मराठी अशी जुनी की निम्मी माझ्या डोक्यावरून जायची. मी आपली मान हलवायचे. पुढे हेच नडलं.

क्राइस्टचर्चला पहिल्याच उन्हाळ्यात संजूने लाँगबोर्ड आणलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते: लांब फळी, खाली चार गुबगुबीत चाकं. स्केटबोर्ड उड्या मारायला, हे निवांत लांब जायला. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, पाटाला चाकं लावली की काय?" तेव्हापासून त्याचं नाव पाट. "संजू कुठंय?" "पाटावर."

मलाही त्यानेच शिकवलं. पुढे कोणता पाय ठेवायचा ते म्हणे ठरवायचं नसतं. डोळे मिटून उभं राहायचं, मागून कुणीतरी हलकेच ढकलायचं, आणि सावरायला जो पाय आपोआप पुढे येईल तो पुढचा. माझा डावा आला. गुडघे वाकव, पायांकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ, थांबायचं असेल तर मागचा पाय खाली घेऊन रस्त्याला घास. हेल्मेटशिवाय तर पाय ठेवू द्यायचा नाही. "भिया, छोड़ो अब," मी वैतागून म्हणायचे. भिया म्हणजे इंदुरी 'भाऊ', आणि तो नवऱ्याला! तो हसून हसून रस्त्यातच बसायचा.

मग एका सकाळी चहा गाळताना त्याच्या छातीत दुखलं. ॲम्ब्युलन्स आली. तो परत आला नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही. अस्थी घेऊन धारला गेले, नर्मदेवर गेलो सगळे, आणि नोकरी होती म्हणून मी परत आले. का आले, ते अजून स्वतःला विचारते.

घरात दोन पाट उरले. एकावर बसलं तर घास उतरेना, म्हणून दुसरा बाहेर काढला. तो माझ्यासाठी मुळातच चुकीचा. फळी संजूच्या वजनाची, कडक; मी उभी राहिले तर जराही लवायची नाही. दोनदा सणकून आपटले. तरी रोज संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्यावर त्याच्यावरच. पाय मोडून घेशील म्हणून सगळे ओरडायचे.

अशात सासूबाईंचा फोन आला. गहू, गुडघेदुखी, सगळं झालं, आणि मग म्हणाल्या, "पोरी, पाट लाव आता. आमची ना नाही." पाट 'लावतात' हे कानाला खटकलं, पण असेल त्यांची जुनी बोली. चला, निदान यांनी तरी परवानगी दिली! मी म्हटलं, "लावलाय ना आई, केव्हाचा. रोज संध्याकाळी."

त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "बरं केलंस. सुखी राहा." फोन ठेवला.

लगोलग बदनावरहून नणंदेचा फोन. "वहिनी, कौन है वो? आई न जेवता पडून आहे. तू पाट लावलास म्हणे?"

"अगं, चाकांचा!"

"अरे देवा," ती म्हणाली. "वहिनी, पाट लावणं म्हणजे विधवेनं दुसरं लग्न करणं."

मी तिचा फोन ठेवला. सासूबाईंना परत फोन लावला, सगळं सांगितलं. "मेली हिंदी शाळेची!" म्हणून हसल्या, आणि मग आम्ही दोघी रडलो. नाक पुसून त्या म्हणाल्या, "पण बोलले ते मनापासून बोलले हो. पाट लावलास तरी दिवाळीला इथंच यायचं. लेक म्हणून."

किती मोठ्या मनाची बाई, तुम्ही म्हणाल. आहेच. पण मला लेक नाही व्हायचं! लेक मी देवासला मम्मीची आहेच की. धारला मी सून आहे, संजूची बायको. लेक झाले की तो मधून गेला. त्यांना हे तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

परवा दुकानात गेले. तिथली मुलगी संजूचं बोर्ड बघून म्हणाली, ही फळी तुझी नाही. नवशिक्याने आपल्या वजनाला लवेल अशी घ्यावी, जमिनीलगतची, म्हणजे पाय मारायला फार वाकावं लागत नाही. चाकं मोठी आणि मऊ, खड्याला अडकत नाहीत. घेतली तशी. नदीकाठी उभी राहिले, फळी माझ्या वजनाने लवली, आणि मला हुंदकाच फुटला. इतकं सोपं होतं ते. मला सोपं नको होतं.

घर कुठलं वाटतं, असं मागे राहिलेले विचारतात, आणि माझ्यासारखे निघून आलेलेही. देवासचं माहेर आहे, इथली भाड्याची खोली आहे. पण नवीन काही केलं की ज्यांना सांगायची भीती वाटते, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही, ते माझं घर. म्हणून रविवारी धारला फोन केला.

"आई, नवा पाट घेतला."

"चाकांचा?"

"चाकांचाच."

"बरं." मग हळूच, "जुना टाकला नाहीस ना गं?"

"नाही, आई. घरातच आहे."