गिरणी थंड, ज्वारी महाग

तारामती हैदराबादच्या कोठी भागातल्या मुलींच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. मंदीत माग थांबतात, माणसं रिकामी होतात, हातात पैसा उरत नाही, मग भाव उतरतात, असं ती फळ्यावर समजावून सांगायची. दोन-तीन वर्षांपूर्वी तसं घडलंही होतं.

मग छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. कचेऱ्या मुंबई-बंगळूरकडे निघाल्या, गिऱ्हाईक आटलं, गिरणीची रात्रपाळी बंद पडली. तिचे दीर हिम्मतराव तिथे जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. ते घरी बसले. ज्वारी मात्र चढतच राहिली.

शहरातल्या आबिड्स भागात झालेल्या एका सभेत दिल्लीहून आलेले एक सल्लागार म्हणाले, "लोकांच्या हातात पैसा फार झालाय, म्हणून महागाई. सरकारनं बँकांची कर्जं आवळायला हवीत."

तारामती ताडकन उठली. "कुणाच्या हातात, साहेब? माझे दीर बेकार आहेत, मागांवर धूळ बसलीय. पीक बुडालं, व्यापाऱ्यांनी कोठारांना कुलपं लावली, म्हणून भाव चढलेत. कर्जं आवळून ज्वारी उतरणार नाही, कर्जावर चालणाऱ्या गिरणीची उरलीसुरली पाळी तेवढी बंद पडेल!"

"बाई, अपवादावरून नियम ठरत नाहीत."

लोक हसले. तिच्या अंगाची लाही लाही झाली. "उपाशी माणसाला अपवाद म्हणता?" एवढं बोलून ती बाहेर पडली.

घरी हिम्मतराव ताट सरकवून बसले होते. बातमी आधीच पोचली होती.

"वहिनी, भर सभेत माझी बेकारी मांडली? मला विचारलं का?"

"नाव नाही घेतलं, भाऊजी."

"नाव कशाला पाहिजे? गिरणीतले दीर तुम्हाला कितीक आहेत?"

सल्लागारावरचा सगळा राग आता तिच्यावरच उलटला होता. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मग काय, गप्प बसू?"

"गप्प नक्को. पुढच्या वेळी मला घेऊन चला. माझं मी बोलतो."

तशी वेळ आलीच नाही. कर्जं आवळली गेली आणि दिवसपाळीही निम्मी झाली. पुढच्या वर्षी गिरणी सावरली, हिम्मतरावांना परत बोलावलं, पण साधा कामगार म्हणून. ते दात-ओठ खात गेले. ज्वारी खाली आलीच नव्हती.

वर्गात मंदीचा धडा आला की तारामती आता आधी विचारायची, "यंदा पाऊस कसा झाला? कोठारं कुणाची?" आणि पाठ केलेलं जुनं उत्तर देणाऱ्या मुलींवर डाफरायची.