रूमी बंदुकीचा चाप

अमेरिकेत भावाभावांची लढाई जुंपली आणि इकडे आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. काल ज्याच्या घरी भाकर आणि ठेचा, तो आज बैलांच्या शिंगांना चांदी मढवून राहिला. माझ्या चुलत्याने तर हत्ती घ्यायची गोष्ट काढली. थट्टा नव्हती, माणूस खरंच चौकशी करून आला! आणि मला याड लागलं जुन्या बंदुकांचं.

बंदुकांचंही नाही म्हणा, त्यांच्या चापांचं. चाप म्हणजे बंदुकीची कळ, जिथून बार पेटतो ती. आपल्याकडच्या तोडेदार बंदुकीत पेटती वात येऊन दारूवर टेकते. इंग्रजी बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते, पण तिची कमान, म्हणजे घोड्याला झटका देणारी पोलादी पट्टी, आणि बाकीची सगळी आतडी पत्र्याच्या आड लपलेली. रानडुकरांपासून शेत राखायच्या नावाखाली मी परवाना काढला आणि गावोगावचे असले चाप आणून माजघराच्या भिंतीवर टांगले. बायको म्हणायची, "लोकाईच्या घरी सोनं येऊन राहिलं, आमच्या घरी भंगार."

अशात एका गाडीवानाने सांगितलं, की अकोल्याला एक म्हातारा अरब जमादार आहे. पूर्वी एका देशमुखाच्या पदरी होता. त्याच्याकडे रूमी, म्हणजे तुर्कांकडची, बंदूक आहे, माणसाएवढी लांब, आणि तिची कमान बाहेर! मी जेवत होतो. हात धुतला आणि उठलो. कमान बाहेर? असा चाप मी ऐकला होता, पाहिला नव्हता!

पाहिला तेव्हा खरं सांगतो, अंगावर काटा आला. काय बंदूक हो! नळी लांबलचक, दस्ता उंदराच्या शेपटासारखा बारीक आणि खाली वाकलेला, लाकूड औषधाला दिसत नाही, सगळं पितळेच्या नक्षीनं मढवलेलं. आणि चाप! मोठी कमान, गारगोटी धरणारा घोडा, सगळं पत्र्याच्या बाहेर, उघड्यावर. पण कमान मधोमध तुटलेली.

तुर्कांच्या पातशाहीत पार युरोपाकडे एक डोंगरी मुलूख आहे, हल्ली साहेब लोक त्याला बाल्कन म्हणतात, तिथली ही बंदूक. तिथला एक अर्नौट जातीचा शिपाई तरुणपणी अरबस्तानात जमादाराचा जोडीदार होता. तो मेला आणि बंदूक ह्याच्याकडे राहिली. इकडे येताना जहाजात कमान तुटली, तेव्हापासून ती मुकी.

"विकता का?" मी विचारलं.

"मुर्दा कोई बेचता है?" म्हातारा म्हणाला. कापसाच्या गाड्या मुंबईकडे निघाल्या, की त्यांच्यासोबत तो कायमचा आपल्या मुलखाला परत चालला होता. "इसको मोरना में डाल के जाऊँगा. मुर्दे को लेके क्या जाऊँ?"

मोर्णा नदीत! असला चाप मोर्णेच्या गाळात! माझं डोकंच फिरलं. मी त्याला वाट्टेल ते बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि पेच काढून चाप माझ्या हातावर ठेवला. "मेरे जाने से पहले इसको बुलवा दे, पाटील. बोली तो तेरी. जुबान देता हूँ."

घरी आलो तो थेट लोहाराकडे. पहिली कमान तुटली. दुसरी वाकली ती वाकलीच. लोखंड कुचकामी, जुनं पोलाद पाहिजे. ते आमच्या घरात एकच होतं: देव्हाऱ्यातली मोडकी तलवार, जिला खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचं. मी घुटमळत बायकोकडे गेलो.

"घेऊन जा," ती म्हणाली. "अन् येत्या दसऱ्याले कुंकू कोनाले लावू? तुमच्या टकुऱ्याले?"

"त्या बंदुकीले लाव!" मी म्हटलं. तिने कपाळावर हात मारला, पण तलवार स्वतः काढून दिली.

तलवारीच्या पोलादाची कमान तेलात विझवली, चापावर चढवली, घोडा मागे ओढला आणि सोडला. टण्ण! ठिणग्यांचा नुसता सडा! मी आणि लोहार पोरासारखे ओरडलो.

मग गाडीत कापूस भरला आणि अकोल्याला निघालो. अमरावतीचा बाजार नाकासमोर असताना कापूस एवढ्या लांब नेणारा शहाणा मीच. बायकोही सोबत आली, म्हणाली, "कापसाचे पैसे बंदुकीत जाऊन राह्यले का, ते पायते मी." जमादार भेटला, त्याची बांधाबांध झालेली होती. चाप बसवला आणि आम्ही मोर्णेच्या काठी गेलो, गाडीसकट.

नळीत दारू ओतली. आता वर बोळा ठासायचा. दुनिया चिंधी ठासते. पण वऱ्हाडी माणूस, गाडीभर कापूस जवळ असताना चिंधी कशाला शोधेल? ओढला मूठभर आणि ठोकला गजाने. जमादाराने बघितलं, तोंड उघडलं, पण मला धीर कुठे! बंदूक त्याच्या हातात दिली. "हाना!"

काय आवाज झाला! पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले, बैल उधळता उधळता राहिले. मी नाचलो. हो, नाचलो, लाज कशाची! तेवढ्यात बायको किंचाळली.

"अवो! गाडी पेटली!"

तो मूठभर कापूस पेटत वर गेला होता आणि वाऱ्याने फिरून पडला होता आमच्याच गाडीवर. वरचा थर भुरुभुरु जळत होता. आम्ही दोघं चढलो, घोंगडं आपटलं, हातांनी जळका कापूस खाली लोटला. "जमादारसाहेब, पानी आना!" मी बोंबललो. "वरीसभराचा माल जळून राह्यला!"

जमादार जागचा हलला नाही. संताप संताप झाला माझा! शेवटी आग विझली तसा मी काळंठिक्कर तोंड घेऊन खाली उडी मारली, म्हाताऱ्याला सोलूनच काढायचं ठरवून.

तो डोळे मिटून उभा होता. बंदूक छातीशी आणि गालाशी नळी, तापलेली असणार ती. दाढी ओली झालेली. मी त्याचा दंड धरला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"सुना?" तो म्हणाला. "सुना तुमने? वोही आवाज. बिलकुल वोही."

आग त्याने पाहिलीच नव्हती. माझी बोंब त्याच्या कानापर्यंत गेलीच नव्हती. मी त्याचा दंड सोडला.

मग तो भानावर आला. जळका कापूस पाहिला, माझ्याकडे पाहिलं, खाली मान घातली आणि बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून माझ्यापुढे केली. "ले, पाटील. जुबान दी थी."

मी घेतली. का नाही घेणार? तो चाप माझ्या हाताखाली गरम होता, माझीच कमान त्यावर. सोडवेना. माजघरातली भिंत, तिच्यावर ही बंदूक, गावातले लोक बघायला आलेले, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. म्हातारा मात्र आपले मोकळे हात कुठे ठेवावेत ते न समजून एकदा कमरेला लावत होता, एकदा दाढीला. बायको गाडीतला जळका कापूस निवडू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडलो तरी असतो.

"दारू हाय का अजून?" मी खेकसलो.

"है. क्यों?"

मी नळीत दारू ओतली. डोक्यावरचा फेटा सोडला, ह्याच सालच्या कापसाच्या पैशाचा, जरीकाठी, आणि दातांत धरून त्याचा पदर टर्रकन फाडला.

"अवो, कोरा फेटा हाय तो!" बायको ओरडली.

"माहीत हाय मले!" मी तिच्यावर ओरडलो, चिंधीचा बोळा केला, गजाने खोल ठासला आणि बंदूक म्हाताऱ्याच्या हातांत कोंबली.

"हाना जमादारसाहेब," म्हटलं. "अन् मंग बांधा सामानात. जिती हाय आता. घरी घेऊन जा तिले."