भादव्यातलं लगीन

प्रिय अमेय आणि सई,

तुमच्या तिकडच्या तळ्याकाठचा फोटो मिळाला. मोटारीमागे दोन चाकांचा गाडा, गाड्यावर पांढरी नाव आणि शेजारी घामाघूम झालेला अमेय. मागे लिहिलं आहे, ‘आजी, मोटार मागे घेऊन हा गाडा जोडणं एकट्याचं काम नाही. तुला कल्पना यायची नाही.’

मला कल्पना आहे, बाळा. हे काम मी एकटीने केलं आहे, तेही लुगडं नेसून. तुझ्या आजोबांबरोबरच्या दौऱ्यांचं लिही म्हणून सई कधीची मागे लागली आहे. फोटो आलाच आहे, तर त्यातल्या एका दिवसाचं लिहिते.

तेव्हा परभणीवर निजामाचं राज्य होतं. महायुद्ध संपलं होतं, पण पेट्रोल अजून जपूनच वापरावं लागे. तुमचे आजोबा सरकारी डॉक्टर. पावसाळ्यात गंगेकाठच्या गावांना (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) जायला रस्ता उरत नसे. म्हणून त्यांनी पत्र्याची एक नाव मिळवली होती. ती गाड्यावर घालून मोटारीमागे न्यायची, नदीत सोडायची, दिवसभर काठच्या गावांत औषधं द्यायची आणि संध्याकाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला बाहेर काढायची. रात्री नाव पाण्यात ठेवायची नाही, हा त्यांचा नियम होता. आदल्या वर्षी काठाला बांधलेली नाव रातोरात पुराने नेली आणि पलीकडच्या गावांना उरलेला पावसाळा औषधाविना काढावा लागला. ही दुसरी नाव होती. तिसरी मिळणार नव्हती.

मोटार चालवायचे करीमचाचा. भादव्यातल्या त्या दिवशी ते हिवतापाने घोंगडीत कुडकुडत होते. मला मोटार चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, पण गाडा जोडून मागे घ्यायला नव्हे.

“मी जाते,” मी म्हटलं.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे.

“जाने दो साब,” चाचा घोंगडीतूनच म्हणाले. “बीबीजी, पीछे लेते वक्त गाडा उलटा चलता. घबराना नक्को (घाबरू नका), उलटा सोचना.”

मी इंग्रजी शाळेत भूमिती शिकलेली. ‘उलटा सोचना’ याची मी कागदावर नीट आकृती काढली, बाणांसकट, आणि घडी घालून कमरेला खोचली.

सकाळी आम्ही गंगाखेडसमोरच्या काठावर पोहोचलो. पलीकडे घाटाच्या पायऱ्या आणि देवळांची शिखरं दिसत होती. आजोबांनी स्वतः गाडा पाण्यात उतरवून नाव सोडली. औषधांच्या पेट्या चढल्या, केरबा नावाड्याने बांबू हातात घेतला.

“धानोऱ्याच्या घाटावर ये,” आजोबा म्हणाले. “दिवस मावळायच्या आत. त्याच्याखाली काठ उभा तुटलेला आहे, नाव बाहेर काढायला जागा नाही.”

नाव वळणाआड गेली आणि मी, मोटार आणि रिकामा गाडा असे तिघे उरलो.

ताडकळसवरून फिरून जायचं होतं. दोन्ही बाजूंना काळी रानं, पुरुषभर उंच जोंधळा, मधे कापसाची पिवळी फुलं. गाडा मागे खडखडत होता. पुढे जाताना तो इतका शहाण्यासारखा येत होता, की मला उगीच त्याची भीती घातली असं वाटू लागलं.

ताडकळसला बाजार भरला होता. आजूबाजूच्या गावांतला प्रत्येक कर्ता पुरुष तिथे असावा, इतकी गर्दी. मी एका दुकानाशी थांबून भज्यांचा पुडा घेतला. कपाळाला विभूती लावलेल्या दुकानदाराने मोटार ओळखली.

“डाक्टरसाब कुठं हायत?”

“गंगेत,” मी म्हटलं.

त्याच्या हातातला झाराच थांबला. “आं?”

“नावेत हो! नावेत बसून धानोऱ्याला येतायत.”

“मग असं म्हना की बाई! काळजात धस्स झालं माझ्या,” असं म्हणून त्याने वर चार भजी जास्त टाकली. पुडा ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मांडीवर आकृतीचा कागद पसरून त्यावर ठेवला. धानोऱ्याला पोहोचेपर्यंत सगळे बाण तेलात विरघळले होते.

धानोऱ्याचा घाट म्हणजे दोन कुंपणांमधून नदीत उतरणारी वाट. नाव घ्यायची तर गाड्याची मागची बाजू नदीकडे हवी, आणि गाडा जोडलेली मोटार तिथे वळवणं शक्य नव्हतं. मी वरच्या सपाटीवरच गाडा सोडला. रिकामा गाडा हलका असतो. दांडी धरून तो हातानेच मोटारीच्या पुढे, वाटेच्या तोंडाशी नेऊन फिरवला आणि बैल सोडलेल्या गाडीसारखी त्याची दांडी दगडावर टेकवली. मग चार वेळा मागेपुढे करून मोटार वळवली. आता मोटार मागे घेऊन तिचा आकडा दांडीच्या कडीपाशी नेमका आणायचा.

घाटावर बायका धुणी धूत होत्या. पुरुष सारे बाजाराला. बायका पदर खोचून मदतीला आल्या, पण मी त्यांना हात जोडले. मागे पाहून मोटार चालवणाऱ्या माझ्यासारख्या नवख्या बाईच्या चाकाखाली कोण येईल याचा नेम नव्हता. त्या कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या आणि तिथून कारभार सुरू झाला.

“डावीकडं घ्या!”

“कुनाच्या डावीकडं? तुज्या का त्यांच्या?”

“अगं, मोटार माघारी बी चालती व्हय!”

मी मागे येई, उतरून बघे. आकडा कडीपासून हातभर बाजूला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. या खेपेस दुसऱ्या बाजूला. बसल्या जागेवरून कडी दिसतच नव्हती.

गिरजाबाई म्हणून एक म्हातारी होती. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, डोक्यावर हिरव्या जोंधळ्याची पेंढी. ती पायरीकडे बघून म्हणाली, “डाक्टरीणबाई, पानी चढायलंय बगा. सांजपतुर (संध्याकाळपर्यंत) ही पायरी बुडती.”

पाणी खरंच तांबूस झालं होतं. वरच्या अंगाला कुठे तरी पाऊस पडला असणार. मग नजर गेली तिच्या पेंढीवर. उंच, सरळ धाटं.

“आजी, त्यातली दोन धाटं देता?”

“बैलासाठी आणलंय. मोटारीला चारता व्हय?”

पण दिली. एक धाट मी मोटारीच्या आकड्यामागे उभं बांधलं, दुसरं दांडीच्या टोकाला, अगदी कडीपाशी. एकाच्या शेंड्याला माझा रुमाल, दुसऱ्याला गिरजाबाईने दिलेली लाल चिंधी. मोटारीचं कापडी टप खाली पाडलं. आता मागे वळून पाहिलं की दोन्ही शेंडे स्वच्छ दिसत होते.

“अगं बया,” कुणी तरी म्हणालं, “नवरा-नवरी उभी केली की!”

“नवरी लाजायलीय. हळू घ्या, बाई.”

“अंतरपाट धरा गं कुनी तरी!”

मी हळूहळू मागे आले. रुमाल आणि चिंधी जवळ आली, एकामागे एक झाली, एकमेकांना टेकली. मी ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर कडी आकड्याच्या बरोबर शेजारी. दांडी उचलली, कडी आकड्यात घातली, वरून खीळ सोडली. ‘खट्’ असा आवाज झाला.

“लागलं लगीन!” गिरजाबाई ओरडली आणि ओटीतल्या मुगाच्या शेंगा मूठभर घेऊन मोटारीवर उधळल्या. बायकांनी एकच गलका केला. तेवढ्यात वळणावरून केरबाचा आवाज आला, “भादव्यात कुनाचं लगीन लागलं हो?”

नाव आली होती. पण गाडा अजून वर होता आणि ती उताराची वाट मला मागे मागे उतरायची होती.

पहिल्यांदा गाडा तिरका होऊन कुंपणात घुसला. मी पुढे येऊन सरळ केला. उलटा विचार करू गेले की हात अडत होते. शेवटी वैतागून दारातून बाहेर वाकले, उजव्या हाताने दार धरलं आणि डावा हात आपोआप स्टिअरिंगच्या चाकाच्या खालच्या बाजूला गेला. बांगड्या चाकावर वाजत होत्या. आणि लक्षात आलं, खालून धरलं की हात जिकडे सरकतो, गाडाही तिकडेच जातो. उलटं काही उरलंच नाही. आता फक्त गाड्याकडे पाहायचं होतं.

चाकं पाण्यात बुडाली. केरबाने बांबू टेकून नाव गाड्यावर आणली, आजोबांनी दोर आवळले. मी मोटार पुढे घेतली. क्षणभर चाकं चिखलात फिरली, मग मोटार, गाडा आणि पाणी गाळणारी नाव वर आली. गिरजाबाईने दाखवलेली पायरी दिसेनाशी झाली होती.

आजोबा चिंब भिजलेले. “मी गाडा उतरवताना तुम्ही काही बोलला नाहीत,” मी म्हटलं.

“बोललो असतो तर तू माझं ऐकलं असतंस,” ते म्हणाले, “आणि आपण दोघं कुंपणात असतो. भजी आहेत का?”

थंड भजी खात आम्ही परभणीला परतलो. मोटार मीच चालवली. गाडा मागून खडखडत आला, आणि आता त्याचा आवाज मला ओळखीचा वाटत होता. त्या पावसाळ्यात औषध कुठल्याच गावाला चुकलं नाही. चाचा बरे झाले तरी धानोऱ्याच्या दौऱ्याला मीच जात राहिले.

पुढे राज्य बदललं, आजोबांची बदली झाली. नाव गंजून गेली, मोटार विकली, गाड्याची चाकं कुणी नेली ठाऊक नाही. मी नंतर अनेक नद्या पाहिल्या, मोठ्या पुलांवरून; पण ज्या नदीकडे पाठ करून मी तिच्यात उतरले, तीच मला माझी वाटते.

अमेय, दोन काठ्या बांध आणि चाक खालून धर. जमेल.

आणि तुमच्या आईकडे लक्ष ठेवा. मिक्सरचं भांडं नीट बसलं, पेटीची कडी लागली की ती काय म्हणते ते ऐका. ते ती लहानपणी माझ्याकडून शिकली. का म्हणतात, हे तिने कधी विचारलं नाही. ‘लागलं लगीन’ म्हणते. त्या दिवसातलं तेवढं अजून आहे.

तुमची आजी