पाणकणसातला खोकला

बाबा गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात आई एकदम म्हणाली, "मला तुमच्या त्या पक्ष्यांच्या ठिकाणी घेऊन चल."

मला नवलच वाटलं. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून बाबा आणि मी निफाडकडच्या पाणथळीवर जायचो. आई कधी आली नव्हती. "चिखलात बसून बदकं काय बघायची!" हे तिचं ठरलेलं.

निघालो त्या सकाळी अवकाळी पाऊस लागला. द्राक्षबागांवर धुकं उतरलं होतं. "परत फिरू या का?" मी विचारलं. तिने मानेनेच नको म्हटलं.

पाण्याच्या काठाला पक्षी बघणाऱ्यांसाठी पत्र्याची एक खोली आहे. भिंतीला आडव्या फटी, आत बाकडं. त्या दिवशी आत आम्हीच दोघी. बाकडं ओलं होतं, म्हणून मी शाल दुहेरी करून अंथरली. समोर हळदी-कुंकू बदकं पंखांत चोची खुपसून बसलेली, त्यांच्या पलीकडे नुसतं पांढरं. मी दुर्बीण पुढे केली, आईने घेतली नाही. ती कान देऊन बसली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग डावीकडच्या पाणकणसाच्या उंच गवतातून कोणीतरी खोकलं. कोरडे ठसके, आणि पाठोपाठ घसा खाकरणं. सकाळी तोंड धुताना बाबा असेच खोकायचे.

आईने माझं मनगट धरलं. "ऐकलंस?"

"हो."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"ऐकलं गं आई. बाबांसारखाच."

तिचा चेहरा सैल झाला. "घरी रोज पहाटे येतो. मोरीकडून. तुला सांगितलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतंस. मला वाटायला लागलं होतं, आपलंच डोकं फिरलं."

पाणकोंबड्या चित्रविचित्र आवाज काढतात, हे मला माहीत होतं. मी दुर्बिणीतून बघत राहिले. पाणकणसाचं एकही पातं हलत नव्हतं. खोकला पुन्हा आला, या वेळी जवळून. आई उठली, फटीपाशी गेली आणि स्वयंपाकघरातून बोलावं तशी म्हणाली, "अहो, गारठ्यात कशाला उभे राहिलात? जा आता."

त्यानंतर फक्त पत्र्यावरचा पाऊस.

परतताना ती गाडीत गाढ झोपली. घरचा आवाजही थांबला, असं तिने मला पुढे सांगितलं, आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

माझा संपला नाही. पक्ष्यांच्या जाणकारांना मी तो खोकला करून दाखवला. कोणी पाणकोंबडी म्हणालं, कोणी बगळा. त्यांनी ऐकवलेला एकही आवाज जुळला नाही. परवा पाऊस लागला तेव्हा मी एकटीच तिथवर गेले. खोलीत शिरायचा धीर झाला नाही. काच थोडी खाली करून गाडीतच बसून राहिले.