दोन भाऊ, दोन बादल्या

घासूमामांचं खरं नाव त्यांच्या बायकोखेरीज कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि ती तर त्यांना नुसतं 'अहो' म्हणायची. जन्मभर जुन्या गाड्या घासून चकचकीत केल्या म्हणून गल्लीने घासूमामा म्हटलं, ते चिकटलं. माणूस स्वभावाने गरीब. पण गडद हिरव्या रंगाची ती जुनी गाडी फाटकातून आत शिरताना दिसली की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागे.

"आली तुमची लाडकी," बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायची.

"लाडकी कसली! डोक्याला ताप आहे नुसता."

गाडी दोन भावांची होती. वडिलांनी जाताना ती दोघांच्या नावावर केली, एवढी एकच चूक त्या भल्या माणसाच्या हातून झाली. तेव्हापासून गाडी एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. थोरल्याचं चादरींचं दुकान होतं, धाकटा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दोघांचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते आता त्यांनाही धड सांगता आलं नसतं. महिना भरला की एकाने गाडी दुसऱ्याच्या दारात लावायची, किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची आणि मागे न बघता निघून जायचं. मग दुसरा गाडी उन्हात घेई, बॉनेटवर वाकून निरखून बघे आणि तडक मामांकडे येई.

"बघा मामा, बघा! काय जाळी करून ठेवलीय त्याने!"

जाळी असायचीच. सावलीत गाडी आरशासारखी, उन्हात नेली की सबंध बॉनेटवर कोळ्याने जाळं विणावं तसे गोल गोल बारीक ओरखडे. कोणता ओरखडा कोणाचा, ते मामांना न विचारता कळे. थोरला रोज सकाळी दुकानातल्या चादरीच्या तुकड्याने गाडीवरची धूळ कोरडीच पुसायचा. अगदी प्रेमाने, गोल गोल हात फिरवत. धाकटा निदान पाणी तरी वापरायचा, पण एकाच बादलीत. स्पंज गाडीवरून फिरवायचा, त्याच बादलीत बुडवायचा आणि गाडीची माती पुन्हा गाडीलाच चोळायचा.

मामांनी सांगून पाहिलं नाही असं नाही.

"कोरडं पुसू नका हो," ते थोरल्याला म्हणत.

"हे त्याला सांगा," थोरला म्हणे.

"एका बादलीत धुऊ नका," ते धाकट्याला म्हणत.

धाकटा जोरात मान डोलावे. "अगदी बरोबर बोललात. हेच त्याला ऐकवा एकदा."

मामांची सगळी अक्कल अशी या भावाकडून त्या भावाकडे जायला निघे आणि वाटेतच हरवे.

मग निमूटपणे मशीन काढायची, पॉलिश लावायचं, मऊ चकती फिरवायची. लोकांना वाटतं, ओरखडा पुसला जातो. कसला पुसला जातोय! त्याच्या आजूबाजूचा रंग झिजवून ओरखड्याच्या तळाशी आणायचा, एवढाच तो खेळ. दर वेळी रंग थोडा पातळ होतो. या जुन्या गाडीवर वरून काचेसारखा थरही नव्हता, नुसता रंगच होता. त्यामुळे काम झालं की पांढरी चकती हिरवीगार होऊन निघायची. ती धुवायला बायको मोरीवर न्यायची, आणि पाणी हिरवं वाहायला लागलं की तिचं तोंड सुरू व्हायचं.

"चालले माझे बाबा मोरीत."

कारण तो रंग तिच्या बाबांनी मारला होता. ते मामांचे सासरे आणि धंद्यातले गुरूही; हे घर-अंगणही त्यांचंच. त्यांनी रंगवलेल्या बाकीच्या गाड्या भंगारात गेल्या होत्या, नाहीतर कोणी त्यांच्यावर दुसराच रंग फासला होता. बाबांचा हात दाखवायला ही एकच गाडी उरली होती.

"मग मी काय करू? गिऱ्हाइकाला हाकलून देऊ?"

"मी कुठे काय म्हणतेय? घासा. बाबा संपेपर्यंत घासा."

मामा मान खाली घालून जेवत.

त्या दिवशी थोरला आला तो तणतणतच. "या वेळी तर कहर केलाय त्याने!"

मामांनी गाडी उन्हात घेतली. जाळी होतीच. पण बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर त्यांची नजर अडकली. विरलेल्या सदऱ्यातून बनियन दिसावं तसं हिरव्याच्या आतून काहीतरी करडं डोकावत होतं. रंगाखालचं अस्तर! मामांनी बोटाने ती जागा चाचपली.

"आता नाही घासता येणार," ते म्हणाले.

"का?"

"रंग संपत आलाय. आणखी एकदा मशीन फिरली की इथे करडा पट्टा निघेल. मग सगळी गाडी खरवडून नव्याने रंगवावी लागेल."

"म्हणजे त्याची करामत मी मिरवत फिरू? तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मामा. चौकात नवीन दुकान निघालंय, तिथे नेतो."

चौकातल्या दुकानात गाड्या भराभर आत जात आणि भराभर बाहेर येत. तिथे हा रंग किती टिकेल ते मामांना ठाऊक होतं. नाही म्हणावं तर गाडी चौकात जाणार, हो म्हणावं तर ते पाप आपल्याच हातून होणार. गाडीभोवती पाच-सहा फेऱ्या मारून झाल्यावर जन्मात कोणावर न ओरडलेले मामा ओरडले.

"किल्ली ठेवा इथे! आणि जा, भावाला घेऊन या!"

"मी? त्याला? शक्यच नाही."

"मी केलाय त्याला फोन," बायको दारातून म्हणाली. "म्हटलं, तुझ्या दादांनी गाडी चौकातल्या दुकानात घालायला काढलीय. निघालाच तो."

धाकटा शिकवणीच्या गाडीतून आला. गाडी एक शिकाऊ बाई चालवत होती, त्यामुळे फाटकापाशी थांबायलाच तिला बराच वेळ लागला. तोवर दोघे भाऊ एकमेकांकडे न बघण्याची शिकस्त करत राहिले. मग बाईला मागे-पुढे करायच्या सरावाला लावून धाकटा आत आला आणि हिरव्या गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

"मामा, त्याला सांगा..."

"मामा, आधी त्याला विचारा..."

"मामा कोणाला काही सांगणार नाहीत," ओले हात पुसत बायको पुढे आली. "हे करडं दिसतंय? हा रंग माझ्या बाबांनी मारलाय. तो ओला होता तेव्हा तुमचे बाबा या फाटकात स्टूल टाकून बसले होते. का? तर कोणी आत येऊन धूळ उडवू नये. मला शाळेतून आल्यावर मागच्या भिंतीवरून उडी मारून घरात जावं लागलं. गुडघा फुटला माझा. आणि तोच रंग तुम्ही माझ्या नवऱ्याकडून खरवडून घेताय!"

बाहेर शिकाऊ बाईची गाडी गचके खाऊन बंद पडली.

मामा आत गेले आणि दोन बादल्या घेऊन आले. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. वर एक मऊ लोकरीचा हातमोजा.

"एकाने धुवायचं. दुसऱ्याने दर वेळी मोजा साध्या पाण्यात खळबळून द्यायचा, मगच तो साबणात बुडवायचा. एकटा माणूस खळबळायचा कंटाळा करतो. मीही करतो. थोरले, साबण तुमचा. धाकटे, साधं पाणी तुमचं. यापुढे गाडी दोघांनी मिळून धुवायची. नाहीतर खुशाल न्या चौकात. मी मेलो तुमच्यासाठी."

"याच्याबरोबर?" दोघे एकदम म्हणाले, आणि एकदम म्हटल्याचा दोघांनाही आणखी राग आला.

पण धुतली.

"मामा, त्याला म्हणावं, नीट खळबळ."

"मामा, त्याला सांगा, नीटच खळबळतोय. त्याचे कोपरे राहताहेत ते बघा."

"मग ये ना इकडे, तूच धू!"

हे शेवटचं मामांमार्फत गेलं नव्हतं. ते फक्त बायकोच्या लक्षात आलं.

साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी बारीक रेती साचली. दोघे वाकून बघत राहिले.

"तुझ्या महिन्यातली," थोरला म्हणाला.

"तुझ्या," धाकटा म्हणाला.

जाळी काही गेली नाही. मामांनी हातानेच मेणाचा पातळ थर दिला, त्याने ती जराशी झाकली. चौकाचं नाव मात्र पुन्हा कोणी काढलं नाही.

पण मामांच्या नशिबी सुख कुठलं! थोरल्याच्या नळावर धाकटा जाईना, धाकट्याच्या नळावर थोरला. मग उरला कोणाचा नळ? दर रविवारी सकाळी गाडी मामांच्या अंगणात हजर. आठवड्यात एकदा उशिरापर्यंत लोळायची मामांची तेवढी एक चैन, तीही गेली. चकती खिळ्याला टांगलेली होती, पांढरीस्वच्छ. बायको येता-जाता तिच्याकडे बघायची.

"मामा! हा पुन्हा कोरडाच हात फिरवतोय!"

"माशी बसली होती! मामा, सांगा त्याला!"

मामांनी उशी कानावर दाबली.

"अहो, उठा," बायको म्हणाली. "बाबांना आंघोळ घालताहेत. बघायला तरी चला."

मामा चरफडत उठले. चपला सापडेनात. तसेच अनवाणी बाहेर गेले.